‘हॉटेल कॅलिफोर्निया’तून तो बाहेर पडला का?

गेल्या श्रावणात माझा पुतण्या गिटार घेऊन आमच्या प्रतापनगरच्या घरी आला. त्याच्या कॉलनीच्या गणेशोत्सवासाठी त्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी एक इंग्रजी गाणे बसवायला घेतले होते. ईगल्स या अमेरिकन बँडचे ‘हॉटेल कॅलिफोर्निया’. रात्री वाळवंटातून जाणारा एक प्रवासी एका हॉटेलात थांबतो, अशी त्याची गोष्ट. कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायचे सूर, हाताला बसल्या होत्या, शब्द पाठ झाले होते, शेवटचा लांबलचक सोलोही बऱ्यापैकी जमू लागला होता. अडत होते ते एकाच ठिकाणी. मूळ ध्वनिमुद्रणात हे गाणे संपतच नाही. गिटारी वाजत असतानाच आवाज हळूहळू कमी होत जातो आणि मग काहीच ऐकू येत नाही. मांडवात, लोकांसमोर, तसे करता येत नाही. कुठेतरी थांबावेच लागते. ‘‘काका,’’ तो म्हणाला, ‘‘तो माणूस शेवटी हॉटेलातून बाहेर पडतो का नाही, ते आधी सांगा न. ते कळल्याशिवाय शेवट कसा करू?’’

मी लगेच उत्तर दिले की नाही पडत. सगळे हेच सांगतात, आणि गाण्याची शेवटची ओळही, ‘निघून मात्र कधीच जाता येणार नाही’, वरवर पाहता तेच सांगते. तो समाधानाने गेला, पण मी मात्र अस्वस्थ झालो. तीस वर्षांपासून जे गाणे मी ऐकत आलो, त्याचे शब्द एकदाही समोर ठेवून, ओळीवर बोट ठेवून वाचले नव्हते, हे माझ्या लक्षात आले. त्या आठवड्यात ते वाचले, आणि आता मला वाटते की मी त्याला दिलेले उत्तर चुकीचे होते.

मी हे गाणे पहिल्यांदा नीट ऐकले ते १९९५ च्या उन्हाळ्यात, अंबाझरी रस्त्यावरच्या एका वसतिगृहाच्या गच्चीवर. नागपूरचा मे ज्यांनी काढला आहे त्यांना गच्चीचे महत्त्व सांगायला नको. रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावला तरी चटका बसतो, खोलीतला कूलर दमट हवा फेकत राहतो आणि गादी गुंडाळून वर जाण्यावाचून इलाज नसतो. विद्यार्थ्यांमध्ये तेव्हा गाजत होते ते या गाण्याचे १९९४ सालचे रूप. १९८० मध्ये फुटलेला बँड चौदा वर्षांनी पुन्हा एकत्र आला तेव्हा वाजवलेले, नायलॉनच्या तारांच्या गिटारीने सुरू होणारे. माझ्या खोलीतल्या मित्राने सीताबर्डीहून त्याची कॅसेट आणली होती. तो एकेक ओळ ऐकायचा, कॅसेट मागे घ्यायचा, पुन्हा ऐकायचा आणि दोनशे पानी वहीत लिहायचा. पहिल्याच कडव्यात कशाचा तरी उबदार वास हवेत दरवळतो असे म्हटले आहे, पण कशाचा, तो शब्द आम्हा दोघांनाही लागेना. त्याने तिथे पेन्सिलने एक रेघ ओढून जागा मोकळी ठेवली. ती वही पुढे कित्येक वर्षे माझ्याकडे होती, आणि ती रेघ तशीच होती.

तो शब्द ‘कोलिटास’ होता. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ लहान शेपट्या, आणि बँडशी संबंधित लोकांच्या सांगण्यावरून तो गांजाच्या झाडाच्या शेंड्यांना उद्देशून आहे. शब्द सापडल्यावर मला आनंद झाला, पण त्याचबरोबर हेही जाणवले की त्याने गाण्याचा अर्थ काही उलगडला नाही. रेघेच्या जागी शब्द आला, एवढेच. या गाण्याच्या बाबतीत जगभर नेमके हेच होत आले आहे. प्रत्येक जण एखादी मोकळी जागा भरतो आणि सगळे कुलूप उघडले असे मानतो.

कोणी म्हणते हे सैतानपूजकांचे गाणे आहे, कोणी म्हणते कॅलिफोर्नियातल्या एका मनोरुग्णालयाचे, कोणी म्हणते अमली पदार्थांचे, कोणी कर्करोगाचे. मेक्सिकोतील तोदोस सांतोस या गावात याच नावाचे एक खरोखरीचे हॉटेल आहे आणि २०१७ मध्ये बँडने त्याच्या मालकांविरुद्ध नावाच्या हक्कावरून दावा लावला, जो पुढच्या वर्षी तडजोडीने मिटला. तरीही ‘ते खरे हॉटेल’ शोधणाऱ्यांची संख्या कमी झालेली दिसत नाही. अल्बमच्या मुखपृष्ठावर संधिप्रकाशात दिसणारी इमारत लॉस एंजेलिसजवळच्या बेव्हर्ली हिल्स हॉटेलची आहे, आणि तिचा गाण्यातल्या हॉटेलशी मुखपृष्ठापुरताच संबंध आहे. या तर्कांवर मला अधिक वेळ घालवायचा नाही. एकनाथांच्या भारुडात विंचू चावतो तेव्हा तो गोठ्यातला विंचू नसतो, काम-क्रोधाचा असतो, हे आपल्याकडे निरक्षर माणसालाही कळत आले आहे. ज्या भाषेत भारुडे उभ्याने, नाचून, हसत-रडत ऐकली गेली, त्या भाषेतल्या माणसाने तरी हे हॉटेल नकाशावर शोधू नये, असे मला मनापासून वाटते.

गाण्याच्या जन्माची हकिकत मात्र सांगायला हवी, कारण अर्थाशी तिचा संबंध आहे. चाल डॉन फेल्डर यांची. मालिबूच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या एका भाड्याच्या घरात त्यांना ती सुचली, आणि तिच्यात स्पॅनिश वळण आणि रेगे या जमैकन संगीताचा ठेका असे दोन्ही असल्याने बँडमध्ये तिला सुरुवातीला ‘मेक्सिकन रेगे’ असेच म्हणत. शब्द मुख्यतः डॉन हेन्ली आणि ग्लेन फ्राय यांचे. अल्बम ८ डिसेंबर १९७६ रोजी बाजारात आला, गाणे फेब्रुवारी १९७७ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले आणि त्याच मे महिन्यात अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. पण मला या सगळ्यापेक्षा महत्त्वाची वाटते ती एक साधी गोष्ट: बँडमधल्या पाचांपैकी एकही जण मूळचा कॅलिफोर्नियाचा नव्हता. हेन्ली टेक्ससचे, फ्राय डेट्रॉइटचे, फेल्डर फ्लोरिडाचे, बासवादक रँडी माइस्नर नेब्रास्काचे आणि जो वॉल्श कॅन्ससमध्ये जन्मलेले. फेल्डर यांनी सांगितले आहे की रात्री वाळवंटातून गाडी चालवत लॉस एंजेलिसकडे येताना शहराच्या दिव्यांचा उजेड फार लांबून क्षितिजावर दिसू लागतो, आणि त्या उजेडाबरोबर मनात सगळी स्वप्ने उभी राहतात. गाण्याचे पहिले चित्र तिथून आले. म्हणजे हे त्या शहरात राहणाऱ्याचे गाणे नाही. लांबून उजेड पाहून तिकडे निघालेल्याचे गाणे आहे.

तो उजेड मी पाहिला आहे. छिंदवाड्याहून सावनेरमार्गे रात्री नागपूरला येताना बराच वेळ दोन्ही बाजूंना नुसता अंधार असतो, आणि मग कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्यांवरचे लाल दिवे दिसतात आणि त्यांच्यामागे आभाळाला पिवळसर साय धरल्यासारखी दिसते. डोळे जड झालेले असतात, काचेतून येणारा वारा बरा वाटत असतो, आणि त्या पिवळ्या उजेडाकडे पाहत राहिले की रस्त्यावरचे लक्ष उडते. पहिल्या कडव्यातला माणूस नेमका या अवस्थेत आहे. त्याचे डोके जड होते, नजर अंधुक होते, आणि तो ‘थांबावेच लागले’ असे सांगतो. उजेड आधी दिसतो आणि डोके नंतर जड होते, हा क्रम मला फार विचारपूर्वक ठेवलेला वाटतो. थकवा आला म्हणून उजेड शोधला, असे झालेले नाही.

माझी आजी काटोल तालुक्यातल्या एका खेड्यातली. ती चकव्याच्या गोष्टी सांगायची. रात्री शेतातून घरी निघालेल्या माणसाला चकवा लागतो, पायाखालची वाट रोजचीच असते, लांब कुठेतरी दिवा दिसतो, माणूस त्या दिव्याच्या रोखाने चालू लागतो आणि तासभर चालून पुन्हा त्याच बांधावर, त्याच बाभळीखाली येतो. तिच्या गोष्टीत चकवा कोणाला मारत नसे, बांधत नसे, ओढतही नसे. माणूस स्वतःच्या पायांनी चालत असे. आणि त्यावरचा तिने सांगितलेला उपाय मला अजून आठवतो. ‘‘चकवा लागला असं ध्यानात आलं न, का हलू नये बापा. तिथीच बसावं, उजाडू द्यावं.’’ गाण्यातला माणूस याच्या अगदी उलट वागतो. दारात एक बाई उभी आहे, लांबून मिशनची, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसारकांच्या ठाण्याची, घंटा ऐकू येते, आणि त्याच क्षणी त्याच्या मनात येते की हा स्वर्ग असेल किंवा नरक असेल. शंका त्याला आली आहे. धोका त्याला उंबरठ्यावरच कळला आहे. तरी ती मेणबत्ती लावते आणि तो तिच्यामागून चालू लागतो.

या एका ओळीमुळे, तो फसवला गेला, हे म्हणणे मला मान्य करता येत नाही. ज्याला काहीच कळले नव्हते तो फसतो. याला कळले होते.

पुढे आत काय आहे? आरसे, थंडगार शॅम्पेन, अंगणात नाचणारी देखणी मुले. त्या बाईचे वर्णन करताना एक शब्दखेळ येतो, जो ऐकून कळत नाही, वाचूनच कळतो. तिला मर्सिडीजचे ‘बेंड्झ’ झाले आहेत असे म्हटले आहे. कानाला ते मोटारीचे नाव वाटते, पण कागदावर तो शब्द खोल पाण्यातून फार वेगाने वर आलेल्या पाणबुड्याला होणाऱ्या विकाराचा आहे, ज्यात दाब एकदम उतरल्यामुळे रक्तात वायूचे बुडबुडे तयार होतात आणि सांधे असह्य दुखू लागतात. वेगाने वर येण्याचा आजार. चार शब्दांत त्या बाईची सगळी जीवनकथा आली आहे, आणि विशेष म्हणजे ती आपल्याला वाईट वाटत नाही. तिची दया येते.

नाचणाऱ्यांबद्दल सांगितले आहे की काही आठवण्यासाठी नाचतात आणि काही विसरण्यासाठी. गाण्यातली ही ओळ सर्वांत जास्त वेळा लोकांच्या तोंडी येते, त्यामुळे तिच्याबद्दल मी काही बोलत नाही. तिच्या पुढची ओळ मात्र मला कित्येक वर्षे अडखळवत होती. तो माणूस ‘कॅप्टन’ला हाक मारून आपली वाइन आणायला सांगतो. वसतिगृहात आम्ही याचा अर्थ जहाजाचा कप्तान असा घेतला होता आणि हॉटेलात जहाज कुठून आले यावर एक रात्र वाद घातला होता. पुढे रामदासपेठेतल्या एका हॉटेलात नोकरी करणाऱ्या माझ्या मावसभावाने सहज बोलता बोलता सांगितले की वेटरांच्या वरच्या, टेबलावर येऊन ऑर्डर घेणाऱ्या माणसाला त्यांच्याकडे कॅप्टनच म्हणतात. एवढ्याने ती ओळ जमिनीवर आली. कॅप्टन उत्तर देतो की ते ‘स्पिरिट’ आमच्याकडे १९६९ पासून नाही.

इंग्रजीत या शब्दाचे दोन अर्थ एकाच वेळी वाजतात, मद्य आणि चैतन्य. एका पत्रकाराने हेन्ली यांना विचारले होते की वाइन आंबवून करतात, ती स्पिरिटमध्ये मोडत नाही, मग हा शब्द चुकला नाही का. तेव्हा हेन्ली यांनी स्पष्ट केले की ही ओळ दारूबद्दल नाहीच, ती समाजाबद्दल आहे. मराठीत ही ओळ कशी म्हणता येईल याचा मी बराच विचार केला. ‘मद्य’ म्हटले तर आत्मा जातो, ‘चैतन्य’ म्हटले तर पेला जातो. शेवटी ‘झिंग’ हा शब्द सापडला. ती झिंग आमच्याकडे १९६९ पासून नाही. झिंग दारूची असते, तारुण्याची असते, चळवळीचीही असते, आणि उतरली की परत आणता येत नाही.

आणि १९६९ हे साल उगाच आलेले नाही. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क राज्यात वुडस्टॉकचा महोत्सव झाला, जिथे लाखो तरुण पावसात, चिखलात, संगीत ऐकत एकत्र राहिले आणि जग आपल्यासारखे होईल असे त्यांना वाटले. त्याच महिन्यात लॉस एंजेलिसमध्ये चार्ल्स मॅन्सनच्या टोळीने केलेल्या हत्यांनी ते शहर हादरले. ६ डिसेंबरला कॅलिफोर्नियातल्याच अल्टामाँट येथे रोलिंग स्टोन्स या बँडच्या मोफत कार्यक्रमात मंचासमोर एका अठरा वर्षांच्या तरुणाला भोसकून मारण्यात आले. चार महिन्यांत झिंग चढली आणि उतरली. सात वर्षांनी, म्हणजे १९७६ मध्ये, हे संगीतकार त्याच शहरात श्रीमंत झालेले होते, आणि कॅप्टनला मागितलेली वस्तू संपलेली होती. बाकी सगळे भरपूर होते. मला एक योगायोगही इथे नोंदवावासा वाटतो. दारात ऐकू आलेली घंटा मिशनची आहे, आणि स्पॅनिश धर्मप्रसारकांचे कॅलिफोर्नियातले पहिले मिशन सान दिएगो येथे १७६९ मध्ये स्थापन झाले. बरोबर दोनशे वर्षे. कवींच्या मनात हे असेल असा माझा दावा नाही, परंतु त्या भूमीला लांबून पाहून तिथे स्वर्ग उभारायला निघालेल्यांची रांग किती जुनी आहे, हे त्या घंटेत ऐकू येते.

ध्रुवपदाकडे लोक दुर्लक्ष करतात, कारण ते सगळ्यांना पाठ असते. ते दोनदा येते आणि दुसऱ्यांदा बदलते. पहिल्यांदा त्यात म्हटले आहे की इथे खोल्या भरपूर आहेत, वर्षभरात केव्हाही या. अगदी आपल्याकडच्या आग्रहासारखे आहे ते: ‘‘आता एवढ्या राती कुठी जाता, राहून जा न.’’ दुसऱ्यांदा मात्र खोल्यांचा उल्लेख नाही. तिथे म्हटले आहे की आपापल्या ‘अ‍ॅलिबाय’ घेऊन या. हा शब्द आपण सबब या अर्थाने ढोबळपणे वापरतो, पण त्याचा मूळ अर्थ ‘मी तेव्हा दुसरीकडे होतो’ असा पुरावा. याचा अर्थ असा की या हॉटेलात येणारा प्रत्येक जण आपण इथे नव्हतोच हे सिद्ध करण्याची तयारी करूनच येतो. बाहेर आईला, बायकोला, स्वतःला सांगायला काहीतरी असते. मी गाणे तीस वर्षे गुणगुणले आणि हा शब्द माझ्या कानावरून नुसता वाहून गेला, याचे मला खरेच वाईट वाटते.

यानंतर ती बाई सांगते की आपण सगळे इथे कैदी आहोत, आपल्याच ‘डिव्हाइस’चे. योजना, युक्ती, यंत्र, सगळे अर्थ त्यात आहेत. या ओळीसाठी मराठीत ‘करणी’ याहून नेमका शब्द मला दिसत नाही. आपण सगळे आपल्याच करणीचे कैदी. करणी म्हणजे कृती, आणि करणी म्हणजे कोणीतरी केलेला जादूटोणाही. घरात काही बिघडले की आपण विचारतो, ही करणी कोणाची. आणि ती बाई सांगते, आपलीच. ‘तुम्ही सगळे’ असे ती म्हणत नाही, ‘आपण सगळे’ असे म्हणते. मेणबत्ती घेऊन वाट दाखवणारी स्वतः कैदी आहे. शेवटी भेटणारा रात्रपाळीचा माणूसही मालक नाही, तो नेमून दिल्याप्रमाणे वागतो. मालकाच्या दालनाचा उल्लेख आहे, मालक मात्र गाण्यात कुठेही दिसत नाही. त्या दालनात लोक मेजवानीला जमतात, पोलादी सुऱ्यांनी एका श्वापदाला भोसकत राहतात, पण ते मरत नाही. पोलादी सुऱ्यांसाठी आलेला ‘स्टीली’ हा इंग्रजी शब्द म्हणजे स्टीली डॅन या समकालीन बँडला केलेला मैत्रीचा नमस्कार होता असे फ्राय यांनी सांगितले आहे, आणि तो तेवढाच आहे. मला महत्त्वाची वाटते ती जागा. ते शिकारीला गेलेले नाहीत, जेवायला बसले आहेत. ताटातले अन्न मरायला तयार नाही. भूक म्हणा, हाव म्हणा, ती खाऊन संपत नाही. आणि म्हणून या हॉटेलाला तुरुंगाधिकाऱ्याची गरज पडत नाही.

आता पुतण्याच्या प्रश्नाकडे येतो. उत्तर मला क्रियापदांत सापडले. तो माणूस स्वतःबद्दल बोलतो तेव्हा भूतकाळात बोलतो: मी उजेड पाहिला, मला थांबावे लागले, मी हाक मारली, मी दाराकडे धावत होतो. हॉटेलाबद्दल आणि त्यातल्या लोकांबद्दल बोलतो तेव्हा बहुतेक वेळा वर्तमानकाळ येतो: तिचे मन असे आहे, ते अंगणात असे नाचतात, श्वापद मरत नाही. हॉटेल अजून चालू आहे, त्याचे तिथले वागणे मात्र होऊन गेले आहे. मग तो बोलतो आहे कुठून? आणि इथे दुसऱ्या ध्रुवपदाच्या आधीची ओळ पाहावी लागते, जी मी कधीच नीट ऐकली नव्हती. ते आवाज अजूनही लांबून हाक मारत असतात, मध्यरात्री तुम्हाला जागे करतात. पहिल्या कडव्यात हेच आवाज ओसरीच्या टोकाशी होते, हाकेच्या अंतरावर. आता ते लांबून येतात. ‘अजूनही’ येतात. आणि ‘मला’ जागे करतात असे न म्हणता तो ‘तुम्हाला’ म्हणतो, जणू हे कोणालाही होते, तुम्हालाही होईल.

मी याचा अर्थ असा लावतो की तो बाहेर आहे. तो त्या दारातून केव्हाच निघाला, गाडी काढली, कुठल्यातरी गावात आपल्या अंथरुणावर झोपला आहे, आणि मध्यरात्री त्याला जाग येते. रात्रपाळीच्या माणसाने त्याला सांगितले होते की चेक आउट हवे तेव्हा करा, निघून मात्र कधीच जाता येणार नाही. याला आपण धमकी समजत आलो. पण काउंटरवरच्या माणसाच्या तोंडी हे एक साधे, खरे वाक्य आहे. चेक आउट म्हणजे हिशेब चुकता करणे, किल्ली देणे, सही करणे. ते काउंटरवर होते. निघणे काउंटरवर होत नाही. हेन्ली यांनी या गाण्याला निरागसतेकडून अनुभवाकडे झालेला प्रवास म्हटले आहे, आणि त्या प्रवासात परतीची वाट नसते हे उघड आहे. तो माणूस शेवटी ज्या वाटेसाठी धावतो ती बाहेरची वाट नाही, तो ‘आधी जिथे होतो तिथे’ नेणारी वाट शोधतो. दार त्याला मिळाले असेल. ती वाट मिळाली नाही.

मराठी माणूस कोणाच्या घरून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. लहानपणी चुकून ‘जातो’ म्हटले तर आजी परत बसवायची, पाणी प्यायला द्यायची आणि मग ‘येतो’ म्हणवून घ्यायची. यात माया आहे, घर माणसाला धरून ठेवते ते असे. रात्रपाळीचा माणूस ज्या गोष्टीबद्दल बोलतो आहे ती हीच आहे, फक्त मायेविना. ते वाक्य मला आता पूर्वीपेक्षा अधिक भीतिदायक वाटते, कारण त्यात कुलूप नाही.

हे सगळे मी पुतण्याला फोनवर सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘‘म्हणजे काका, कॉर्डमध्येपण तेच आहे.’’ मग रविवारी येऊन त्याने मला वाजवून दाखवले. कडव्यात आठ कॉर्ड आहेत: बी मायनर, एफ शार्प, ए, ई, जी, डी, ई मायनर आणि पुन्हा एफ शार्प. शेवटची एफ शार्प अशी आहे की ती ऐकल्यावर कान बी मायनरची वाट पाहतो, आणि बी मायनर म्हणजे तर पुन्हा पहिली कॉर्ड. कडव्याचा शेवट एफ शार्पवर, ध्रुवपदाचाही शेवट एफ शार्पवर. शब्द संपल्यावर दोन मिनिटांहून अधिक वेळ फेल्डर आणि वॉल्श यांच्या गिटारी एकमेकींशी बोलत राहतात, त्याही याच आठ कॉर्डच्या आवर्तनावर. शेवटच्या ओळीनंतर ध्रुवपद तिसऱ्यांदा येत नाही. स्वागत करायला आता कोणी उरलेले नाही, किंवा स्वागत करण्याची गरज उरलेली नाही. गिटारी फक्त फिरत राहतात. तोच बांध, तीच बाभूळ. त्याला चकव्याची गोष्ट माहीत नव्हती, मी त्याला ती तेव्हा सांगितली.

शेवट कसा करायचा यावर त्या चौघांचे दोन दिवस चालले होते. बँड स्वतः लोकांसमोर वाजवतो तेव्हा शेवट करतोच, तसाच करावा असे ड्रम वाजवणाऱ्याचे म्हणणे होते. पुतण्याने ऐकले नाही. उत्सवाच्या सातव्या दिवशी, आरती झाल्यावर, प्रसादाच्या द्रोणांचा आवाज अजून चालू असताना त्यांनी गाणे सुरू केले. शब्द संपले, सोलो झाला, आवर्तन फिरत फिरत शेवटच्या वेळी एफ शार्पपर्यंत आले, आणि तिथेच चौघांनी एकदम हात तारांवर आणि झांजेवर ठेवून आवाज बंद केला. टाळ्या लगेच पडल्या नाहीत. पहिल्या रांगेत बसलेले एक आजोबा सुरुवातीपासून मांडीवर ठेका धरत होते. सम द्यायला उचललेला त्यांचा हात तसाच वर राहिला होता.